सड्यावरची वाट: कोकणच्या कातळावर गावाचा इतिहास कसा शोधावा

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी करत दक्षिणेला निघालात की रस्ता पुन्हा पुन्हा खाडीपाशी उतरतो आणि पुन्हा वर चढतो. चढ संपला की माड, पोफळी, कौलारू घरं मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर काळसर-तांबडा उघडा कातळ पसरलेला दिसतो. हा सडा. इथे बहुतेक जण गाडीचा वेग वाढवतात. सातबाऱ्यावरही या जमिनीची नोंद बरेचदा पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, अशीच असते. पण कोकणातल्या माणसाच्या सर्वात जुन्या खुणा याच उघड्या कातळावर आहेत, आणि नंतरच्या काळातल्या खुणाही त्यांच्याच शेजारी पडून आहेत. त्या एकमेकींशी जुळवून वाचायच्या असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: सड्यावर आधी पाण्याचा माग काढायचा. वाट, गडगा (दगड रचून केलेली कुंपणभिंत), देऊळ, वाडी सगळं पाण्याच्या मागून आलेलं आहे.

पुढे लिहिलेली पद्धत राजापूर आणि रत्नागिरी तालुक्यांतल्या सड्यांना धरून आहे. सिंधुदुर्गातही ती थोड्याफार फरकाने चालते.

केव्हा जावं

सड्याचे तीन ऋतू तीन वेगळ्या गोष्टी दाखवतात, त्यामुळे काय पाहायचं आहे ते आधी ठरवा. जून ते सप्टेंबरमध्ये फुलं आणि पाणी दिसतं, पण धुकं, निसरडा कातळ आणि गवत यामुळे जुन्या खुणा झाकलेल्या असतात. नोव्हेंबर ते जानेवारी चालायला सर्वात चांगला: हवा बरी असते आणि उथळ तळ्यांत अजून थोडं पाणी असतं. कातळशिल्पांसाठी, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांसाठी, मात्र मी फेब्रुवारी-मार्च निवडेन. गवत कापून झालेलं असतं, कातळ मोकळा होतो. तेव्हा ऊन फार, म्हणून पहाटे निघून दहाच्या आत काम उरकायचं किंवा चारनंतर चढायचं.

वेळेचा मुद्दा नुसता उन्हापुरता नाही. कातळात कोरलेली रेघ जेमतेम काही सेंटिमीटर खोल असते आणि हजारो पावसाळ्यांनी तिच्या कडा झिजवलेल्या असतात. दुपारी बाराच्या उन्हात त्याच जागेवर उभं राहूनही काही दिसत नाही. सूर्य कलता असला की प्रत्येक रेघेत सावली भरते आणि आकृती वर येते.

घरी बसून करायची तयारी

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवर नोंदणी करून मोफत उतरवून घेता येतात. राजापूरचा परिसर जुन्या मांडणीत ४७ एच या पत्रकांत येतो. नकाशा छापून घ्या आणि त्यावर तीन गोष्टी रंगवा: समोच्च रेषा जिथे एकदम दाट होतात ती सड्याची कड, त्या कडेखाली जिथून पऱ्हे (लहान ओढे) सुरू होतात ती ठिकाणं, आणि तुटक रेघांनी दाखवलेल्या पायवाटा. हे करताना लक्षात येईल की वाड्या जवळजवळ नेहमी कडेच्या खालच्या अंगाला, पऱ्ह्याच्या उगमाजवळ आहेत. सड्यावर मधोमध घर दिसलं तर ते बहुधा अलीकडचं असतं, नाहीतर गवळी-धनगरांची जुनी वस्ती असते.

त्यानंतर उपग्रह-चित्र उघडा. त्यात तीन प्रकारचे चौकोन दिसतील. हिरव्या ठिपक्यांचे सुबक चौकोन म्हणजे कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून लावलेली हापूसची कलमं. लालभडक, सरळ कडांचे खड्डे म्हणजे चिरेखाणी, जांभा दगडाचे चिरे काढतात त्या. आणि फिकट, वाकड्यातिकड्या रेघांनी वेढलेले तुकडे म्हणजे दगडी गडगे. पहिल्या दोन जागी जुनं काही उरलेलं असण्याची शक्यता कमी, तिसऱ्याकडे आपला मोर्चा वळवायचा.

राज्य सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गावाचा नकाशा आणि गट क्रमांक मिळतात. सातबारा काढलात तर त्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. तो बऱ्याचदा कोराच असतो, पण भरलेला असला तर तिथे तळं, गोठण (गुरं बसायची जागा), देवाची जागा यांचा मागमूस लागू शकतो. जमीन कोणाची आहे हेही यातूनच कळतं. सड्याचा बराच भाग खासगी मालकीचा आहे, तेव्हा परवानगी कोणाची घ्यायची ते आधी माहीत असावं.

१८८० साली छापलेलं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचं रत्नागिरी-सावंतवाडीचं पुस्तक जरूर चाळा. बंदरं, घाट, बाजार, पिकं यांची त्या काळची नोंद त्यात आहे. तुमच्या गावची वाट कोणत्या बंदराकडे उतरायची याचा अंदाज तिथे येतो.

आधी माणसं, मग कातळ

सकाळच्या एसटीने उतरलात की थेट वर चढू नका. ग्रामदेवतेच्या देवळात जा. तिथे दर्शन होतं, गुरव किंवा एखादे मानकरी भेटतात, आणि तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात हे गावाला समजतं. अनोळखी माणूस सड्यावर मोजमाप घेत फिरतोय हे दृश्य आजच्या कोकणात लोकांना शंका आणणारं आहे, आणि त्याला कारणं आहेत. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा मोठं आंदोलन झालं. त्यानंतर कोणी टेप घेऊन आलं तर लोक विचारणारच. आपण काय करणार आहोत ते मोकळेपणाने सांगावं.

देवळाच्या आवारात उभे केलेले जुने दगड बघा. युद्धाचा प्रसंग खाली, अप्सरा मध्ये आणि देवपूजा वर, अशा पट्ट्या असतील तर ती वीरगळ. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरला असेल तर सतीशिळा. दोन्हींवर वर चंद्र-सूर्य असतात. शेंदराखाली कोरीव काम झाकलेलं असलं तर खरवडू नका, गुरवांना विचारा.

विचारणं ही या सगळ्या कामातली सर्वात मोठी कला आहे. ‘काका, इथला इतिहास सांगा’ म्हटलं की समोरचा माणूस संकोचतो, किंवा छापील माहिती सांगतो. त्यापेक्षा त्यांच्या कामाबद्दल विचारा.

‘आजोबा, तुम्ही गुरं घेऊन सड्यावर जायचात तेव्हा दुपारी गुरं कुठे बसायची?’ गोठणीची जागा कळते.

‘पाणी कुठल्या तळ्यावर प्यायची? ते कधी आटायचं?’ सड्यावरची सगळी तळी कळतात, आटण्याच्या क्रमाने.

‘बाजाराला चालत कुठल्या वाटेनं जायचे?’ रस्ता होण्याआधीची वाट कळते.

‘शिमग्याला पालखी वरच्या वाडीत कशी नेतात?’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पालखीचा मार्ग सहसा सोयीसाठी बदलत नाहीत. डांबरी सडक झाली तरी पालखी काही ठिकाणी अजून जुन्या पाखाडीनेच चढते, ठरलेल्या सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) थांबते आणि गावाच्या शिवेवरून वळते. त्या मार्गाने चाललात तर गावाची जुनी हद्द पायाखालून जाते.

आणि शेवटी, ‘पांडवांनी काढलेली चित्रं आहेत का कुठे?’ कातळशिल्प हा शब्द अलीकडे पसरला. ज्यांनी लहानपणी गुरं राखली त्यांच्या तोंडी ती पांडवांचीच असतात.

बायकांशीही बोला. लाकूडफाटा, पाणी, रानभाजी यांसाठी सडा त्यांनी पुरुषांइतकाच तुडवलेला आहे, आणि तळ्यांची बारीकसारीक माहिती अनेकदा आजींकडेच असते.

पाखाडीने चढा

गाडीरस्ता सोडा. वाडीतून सड्याकडे चढणारी पाखाडी शोधा: जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, वर झाडांची सावली. पायऱ्यांची झीज बघा. मधोमध खोलगट झालेली पायरी पिढ्यान्‌पिढ्यांची वर्दळ सांगते. आज तिथून दिवसाला दोन माणसं जात असतील तर कधीकाळी या वाटेच्या टोकाला काहीतरी महत्त्वाचं होतं, बाजार, बंदर किंवा तालुक्याचं ठिकाण. राजापूर हे खाडीच्या आत वसलेलं मोठं बंदर होतं. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार तिथे होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर स्वारी करून ती वखार ताब्यात घेतली. अशा पेठेकडे आसपासच्या सड्यांवरून पायवाटा उतरत असणं साहजिक होतं. वाट कुठे जाते हे न पाहता तिच्या दोन्ही टोकांना काय होतं हे विचारत चढा.

चढताना अर्ध्याअधिक उंचीवर जमिनीचा रंग बदलतो तिथे थांबा. वर सच्छिद्र, भोकाभोकांचा जांभा. त्याच्या खाली पांढरट-गुलाबी-जांभळट चिकणमाती. आणि त्याहून खाली काळा पाषाण. सड्याचं सगळं गणित या थरांत आहे. लाव्हाचा काळा दगड उष्ण, ओल्या हवेत दीर्घ काळ कुजत गेला, त्यातली सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्याचा जांभा झाला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो या भोकांतून खाली झिरपतो, चिकणमातीपाशी अडतो आणि आडवा सरकत कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. म्हणून सडा मार्चमध्ये कोरडाठाक आणि त्याच्याच कुशीतल्या विहिरीला पाणी. म्हणून वाडी तिथे. पोफळीची बाग तिथे, आणि बहुतेक वेळा देवराईही तिथे. ज्या उगमावर राई राखली आहे तिथला झरा आणि राई न राखलेल्या शेजारच्या पऱ्ह्याचा झरा, दोन्ही एप्रिलमध्ये पाहून या. देवाच्या नावाने झाड न तोडण्याचा नियम का टिकला असेल ते तिथे उभं राहून समजतं.

वर पोचल्यावर काय पाहावं

पहिली पंधरा मिनिटं काही शोधू नका. कडेला उभं राहून उतार कुठल्या बाजूला आहे ते पाहा. सडा सपाट दिसतो पण नसतो. पाणी कुठून कुठे वाहतं हे काळपट शेवाळाच्या पट्ट्यांवरून कळतं. त्या पट्ट्या धरून चाललात की उथळ तळी लागतात. तळ्याच्या काठाने फिरा. गडगे, चुलीचे दगड, गुरांच्या वाटा, कातळात खोदलेले गोल खळगे तिथे आसपास सापडतात.

खळग्यांच्या बाबतीत घाई नको. काही नैसर्गिक असतात: कडा ओबडधोबड, तळ असमान. काही धान्य कांडायला केलेली उखळं असतात: तोंड गोल, आतली बाजू घासून गुळगुळीत. काही मांडवाचे खांब रोवायला पाडलेले असतात आणि ते रांगेत किंवा चौकोनात येतात. कातळ हेच अनेक ठिकाणी खळं होतं. भात, नाचणी वर आणून झोडायचे. शेजारी कातळाच्या खोलगट भागात हातभर मातीत भात लावलेली खाचरंही दिसतील.

गडग्याकडे बघताना दगड बघा. हाताने काढलेल्या जुन्या चिऱ्यावर हत्याराचे तिरके घाव असतात, यंत्राने कापलेल्या चिऱ्याच्या बाजू सपाट आणि गोल पात्याच्या वळणदार खुणांच्या असतात. नुसते वेचलेले गोटे रचलेला गडगा बहुधा जमीन साफ करताना झालेला असतो. दोन गडगे एकमेकांना भिडतात तिथे कोणता कोणावर टेकलाय ते पाहा. टेकलेला नंतरचा. एवढ्या एका निरीक्षणावरून शेताच्या वाटण्या कुठल्या क्रमाने झाल्या ते मांडता येतं.

पावसाळ्यात गेलात तर गुडघ्यावर बसा. जूनच्या पहिल्या सरींनंतर पांढऱ्या फुलांची दिपकाडी उगवते. कोकणच्या सड्यांवरची ही कंदवर्गीय वनस्पती जगात इतरत्र सहजी सापडत नाही. ऑगस्टपासून पाणथळ कातळावर निळी-जांभळी सीतेची आसवं आणि पांढऱ्या गेंदांचे गालिचे पसरतात. सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी आहेत, कारण या मातीत पोषण जवळजवळ नाहीच. पोटखराबा लिहिलेल्या जमिनीवर हे सगळं आहे.

कातळशिल्पांपाशी

‘कोकणातील कातळशिल्पे’ २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ अशी नऊ ठिकाणं आहेत. सिंधुदुर्गात हिवाळे इथली चित्रं सतीश लळीत यांनी २००१ मध्ये प्रकाशात आणली. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनी गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना विचारून शेकडो आकृत्या शोधल्या. वर जी विचारण्याची पद्धत सांगितली ती काही हौसेची गोष्ट नाही. या वारशाचा मोठा भाग तशाच विचारपुशीतून हाती आला आहे.

नवख्या माणसाने सुरुवात उक्षीपासून करावी. एकच मोठा हत्ती, गावकऱ्यांनी भोवती बांधलेलं कुंपण, आणि बाहेरून नीट पाहता येण्याची सोय. डोळा तयार होतो. मग कशेळी. तिथल्या हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि तिच्या पोटात जमिनीवरचे, पाण्यातले अनेक प्राणी कोरलेले आहेत. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. भोवतीने सावकाश एक फेरी मारा, सोंड ओळखा, मग पाय, मग आतले प्राणी. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस आहे. अनेक ठिकाणी माणसाचा फक्त कमरेखालचा भाग, पाय बाहेर वळवलेले, असा दिसतो. गेंडाही कोरलेला आहे, आणि गेंडा आज कोकणात कुठेच नाही. अभ्यासक ही चित्रं मध्याश्मयुगाशी, म्हणजे शिकार आणि वेचणीवर जगणाऱ्या माणसांच्या काळाशी, जोडतात. नेमक्या काळाबद्दल चर्चा चालू आहे.

कशेळीलाच दिवस काढणार असाल तर कनकादित्याच्या देवळात जा. सूर्याचं हे देऊळ. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ (इ.स. ११९१) चा ताम्रपट कशेळीचा आहे आणि शेजारच्या आडिवऱ्याचा उल्लेख त्यात ‘अट्टविरे’ असा येतो. म्हणजे एका सकाळच्या चालीत मध्याश्मयुगापासून बाराव्या शतकापर्यंत, आणि संध्याकाळी कशेळीजवळच्या देवघळीच्या समुद्रकड्यावर उभं राहिलात तर गलबतांच्या समुद्रापर्यंत येता येतं.

शिल्पापाशी पाळायचे नियम कडक आहेत आणि मी त्यात सवलत देणार नाही. रेघांत खडू, चुना, रांगोळी, रंग काहीही भरायचं नाही. फोटो चांगला यावा म्हणून तार-ब्रशने घासायचं नाही. पालापाचोळा हाताने किंवा मऊ झाडूने बाजूला करावा. आकृतीवर पाय देऊ नये, चपला काढूनही नाही. जांभा वरून कठीण वाटला तरी झिजलेली कड बुटाच्या टाचेनेही तुटते. फोटो तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या. त्याशिवाय कागदावर हाताने रेखाटन करा. रेखाटताना जे दिसतं ते फोटोत निसटतं.

दिशा टिपताना होकायंत्रावर विसंबू नका. जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि देवाचे गोठणे इथे तर शिल्पाच्या जागेवर होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते. फोनमधलं होकायंत्रही तसंच फसतं. सूर्य किंवा दूरची खूण धरून दिशा लिहा.

जिवाची काळजी

फुरसं. सड्यावरचा सर्वात मोठा धोका हाच, आणि तो वाघाबिबट्यापेक्षा कितीतरी खरा आहे. दीड-दोन फुटांचा, मातकट रंगाचा, पाठीवर नागमोडी नक्षी असलेला हा साप जांभ्यावर हुबेहूब मिसळतो आणि दगडाखाली, गडग्याच्या फटीत बसतो. छेडला तर खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतो. घोट्यावर येणारे बूट घाला, दगड हाताने उलटू नका, गडग्यावर न बघता बसू नका, अंधार पडण्याआधी खाली उतरा. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. अवयव हलू न देता रुग्णाला लगेच सरकारी रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. सुरुवातीला बरं वाटलं तरी प्रतिविषाचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा.

मे-जून आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग दाटले तर सड्यावर थांबू नका. विजा चमकताना उघड्या माळावर सर्वात उंच वस्तू तुम्हीच असता, आणि एकटं झाड आसरा नव्हे. धुक्यात जुन्या चिरेखाणी अचानक पायाशी येतात. पाण्याने भरलेल्या खाणीला काठही नसतो. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, आणि परतायची वेळ गावात कोणाला तरी सांगून ठेवणं, एवढं नेहमीचं.

नोंद आणि त्यापुढचं

त्याच दिवशी रात्री नोंदी पक्क्या करा. प्रत्येक खुणेसाठी: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, गाव आणि वाडी, गट क्रमांक, मापं, रेखाटन, सर्वात जवळचं पाणी किती पावलांवर, आणि कोणी काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळ्या पानांवर लिहा. सांगणाऱ्याचं नाव छापायचं असेल तर त्यांना विचारा.

आजवर नोंद नसलेली आकृती सापडली असं वाटलं तर अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. आधी जमीनमालकांना आणि ग्रामपंचायतीला सांगा, मग राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला लेखी कळवा. अर्जासोबत दोन फोटो जोडा, एक जवळचा आणि एक आसपासचा परिसर दिसणारा, आणि जवळ चिरेखाण किंवा कलमांची नवी लागवड येत असेल तर किती अंतरावर ते ठळक लिहा. नाणं, भांडं, हत्यार असं काही सुटं दिसलं तर उचलू नका. जमिनीत सापडलेल्या निधीबद्दल १८७८ चा कायदा आजही लागू आहे, आणि वस्तू जागेवरून हलली की तिचा अर्थही अर्धा जातो. अर्जाची पोच घ्या, तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवायला द्या आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याच पाखाडीने पुन्हा जाऊन जागा जशीच्या तशी आहे का ते पाहून या.